अमेरिकेचा नागरिक कोण? घटनेत ८० वर्षं नसलेलं उत्तर

२० जानेवारी २०२५ ला शपथ घेतली त्याच दिवशी ट्रम्पनी जी ऑर्डर काढली तिचा अर्थ असा होता की आई बेकायदा किंवा टेम्पररी व्हिसावर असेल आणि वडीलही सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर बाळ अमेरिकेत जन्मलं तरी त्याला आपोआप नागरिकत्व नाही. कोर्टांनी ती लगेच अडवली, पण एच-वन-बी वर गेलेल्या आपल्या लोकांच्या घरात ही बातमी पोटात गोळा आणणारीच होती. तिथे जन्मला तो तिथला, हा नियम कसा आला हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली तेव्हा नागरिक हा शब्द तिच्यात बऱ्याच ठिकाणी आला. हाउसच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, मेंबरला ७ वर्षं नागरिक असायला हवं, सिनेटरला ९ वर्षं, प्रेसिडेंट तर जन्मानेच नागरिक हवा. पण नागरिक कोण, हेच कुठे लिहिलं नाही! माझं मत विचाराल तर यामागे गुलामगिरीच होती, कारण व्याख्या करायला बसले असते तर गुलाम नसलेला काळा माणूस नागरिक आहे की नाही हा प्रश्न समोर आला असता आणि दक्षिणेकडची राज्यं तिथेच बिथरली असती. मग काम चालायचं ते जुन्या इंग्लिश कायद्यावर, राजाच्या भूमीवर जन्मला तो राजाचा माणूस, १६०८ पासूनचा तो गाजलेला निकाल होता. बाहेरून आलेल्यांसाठी १७९० मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला आणि त्यात अट घातली, माणूस फ्री आणि गोरा पाहिजे. ही एक अट पुढे दीड शतकाहून जास्त काळ लोकांना छळत राहिली.

आता ड्रेड स्कॉट. मिसूरीमधला गुलाम, त्याचा मालक आर्मीत डॉक्टर, तो त्याला घेऊन इलिनॉय आणि पुढे विस्कॉन्सिन टेरिटरीत राहिला, जिथे गुलामगिरीला बंदी होती. तिथे राहिलो म्हणजे मी मोकळा झालो, असं म्हणून ड्रेड आणि त्याची बायको हॅरिएट दोघांनी १८४६ मध्ये सेंट लुईसच्या कोर्टात केस टाकली आणि ती ११ वर्षं चालली. १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला. चीफ जस्टिस टॉनी यांनी लिहिलं की आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, मग ते आज फ्री असले तरी, या देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत, त्यामुळे ड्रेडला फेडरल कोर्टात यायचाच हक्क नाही. जस्टिस कर्टिस यांनी विरोधी निकालात सरळ दाखवून दिलं होतं की देश घडत असताना पाच राज्यांत फ्री काळे लोक मतदान करत होते, मग ते नागरिक नव्हते कसे? त्याच वर्षी कर्टिस यांनी राजीनामा दिला. ड्रेडला नव्या मालकाने मोकळं केलं, पण १८५८ मध्ये तो टीबीने गेलाच.

पुढे उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधलं सिव्हिल वॉर झालं, १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली, पण टॉनींचा निकाल पुसायचा तर तो घटनेतूनच पुसायला हवा होता. म्हणून चौदावी दुरुस्ती, जुलै १८६८. पहिलंच वाक्य: अमेरिकेत जन्मलेले किंवा नॅचरलाइज झालेले (म्हणजे बाहेरून येऊन अर्जाने नागरिक झालेले) आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेले सगळे लोक नागरिक आहेत. सिनेटमध्ये तेव्हाच पेनसिल्व्हेनियाच्या कोवन यांनी विचारलं होतं, मग चिनी लोकांच्या पोरांचं काय? कॅलिफोर्नियाचे कॉनेस म्हणाले, हो, तीसुद्धा नागरिकच, आणि ते असंच असायला हवं. म्हणजे हा विचार नंतर कोणी चिकटवलेला नाही, मतदानाआधीच यावर उघड बोलणं झालं होतं. गुलामगिरीविरुद्धची ही लढाई पुण्यात बसून जोतीराव फुले बघत होते हेही सांगायलाच हवं, १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांच्या नावे लिहिली.

त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत वाँग किम आर्क जन्मला, आई-वडील चिनी. १८८२ पासून चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली होती आणि चिनी माणसाला नॅचरलाइज होताच येत नव्हतं. वाँग आचारी होता, १८९५ मध्ये चीनला जाऊन परत आला तर बंदरातच अडवला, तू नागरिक नाहीस म्हणून, आणि काही महिने जहाजावरच ठेवला. १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ निकाल दिला, तो इथे जन्मला म्हणजे नागरिक. अपवाद थोडेच, परदेशी वकिलातीतल्या लोकांची मुलं, देशाच्या भागावर कब्जा करून बसलेल्या शत्रूची मुलं, आणि आपापल्या ट्राइबचे मूळ रहिवासी. या शेवटच्यांना, ज्यांची ती जमीनच होती, १९२४ पर्यंत थांबावं लागलं.

पण जन्माने मिळणारं नागरिकत्व असं मोकळं होत असताना अर्जाने मिळणारं तसंच अडकलेलं होतं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाचे लोक आले, गोरा हा शब्दच काढून टाका असं सिनेटर समनर सांगत राहिले, ते कोणी ऐकलं नाही. याचा फटका आपल्या लोकांना बसला. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत होते, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी माणूस गोरा नाही. मग आधी नागरिक झालेल्यांचे कागद सरकार रद्द करायला लागलं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, त्यापाठोपाठ मालमत्ताही, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले, त्यांच्यावरही केस आली, पण ते लढले आणि जिंकले, एकदा कोर्टाने रीतसर दिलेलं नागरिकत्व सरकारला असं काढून घेता येणार नाही म्हणून, आणि त्यानंतर सरकारने बाकीच्या केसेस सोडून दिल्या. थिंडना १९३६ मध्ये माजी सैनिक म्हणून नागरिकत्व मिळालं, बाकी भारतीयांना १९४६ च्या कायद्याने, आणि नॅचरलायझेशनमधली वंशाची अट सगळ्यांसाठी निघाली ती थेट १९५२ मध्ये.