हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांमधले, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. ते बृहद्‌वृत्तावरून मोजतात. ज्या वर्तुळाचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच, ते बृहद्‌वृत्त. विमानवाहतुकीत हे अंतर नॉटिकल मैलांत सांगतात (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी). पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी असल्यामुळे कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून साधारण २०,००० किमीहून दूर असू शकत नाहीत.

भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मात्र दोन्ही टोकांना दोरा ताणून धरावा, तो आपोआप वर सरकतो आणि आइसलँडजवळून जातो. मुंबई १९ उत्तर अक्षांशावर, न्यूयॉर्क ४१ वर, आणि मधला दोरा जवळजवळ ६५ वर! पृथ्वीच्या केंद्राशी या दोन शहरांमुळे होणारा कोन ११२.७ अंशांचा, दर अंशाला १११.२ किमी धरले की अंतर १२,५०० किमीच्या किंचित वर येते.

जेट विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला तर याला १४ तास पुरायला हवेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. चढण्या-उतरण्यात वेळ जातो, शिवाय हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये हद्द बंद केल्यावर भारतीय विमानांना तो पडलाच. १० किमीच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे, म्हणजे जेट प्रवाह, जाताना अडवतात, येताना ढकलतात. त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा लवकर आटोपतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या स्थानिक असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते. मुंबईहून रात्री २ ला सुटलेले विमान साडेपंधरा तासांनी उतरले, तर तिथे त्याच दिवशी सकाळचे ८ वाजलेले असतात. इकडे सांगलीत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, आणि आई दुपारपासून 'पोचलास का रे?' म्हणून फोन लावत असते.

सांगलीकरांच्या हिशेबात आणखी एक टप्पा वाढतो. कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, पण नियमित विमान नाही. जवळचा विमानतळ कोल्हापूरला, उजळाईवाडीत. परदेशी जायचे तर बहुतेक जण मुंबईच गाठतात. सांगली–मुंबई सरळ रेषेत सुमारे ३०७ किमी, म्हणजे जेटच्या वेगाने वीस मिनिटे. रस्त्याने हेच पावणेचारशेच्या घरात जाते. रात्रीची ट्रॅव्हल्स, घाटातली कोंडी, आणि वर उड्डाणाच्या तीन तास आधी हजर राहण्याचा नियम. म्हणून अनुभवी माणूस 'विमान किती तासांचं?' असे विचारत नाही. 'घरातून कधी निघालात?' असे विचारतो.