एफवायला १२०, टीवायला ७०: मग ५० गळाले?

दापोली असो वा सावंतवाडी, कट्ट्यावरचं गणित ठरलेलं: यंदा एफवायला १२०, टीवायला ७०, म्हणजे ५० पोरांनी शिक्षण सोडलं. साफ चूक! हे वेगवेगळ्या वर्षी आलेले गट. त्यांची वजाबाकी कसली करता? एकाच वर्षी आलेली मुलं धरायची, त्यांतली पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात किती परतली ते बघायचं. हाच टिकण्याचा दर, म्हणजे रिटेन्शन रेट. अमेरिकेत तर प्रथमच प्रवेश घेतलेलेच धरतात. दुसऱ्या कॉलेजातून आलेले त्यात नाहीतच.

खरी मेख पुढेच आहे. हा दर कॉलेजचा, मुलाचा नव्हे. रत्नागिरीहून एसवायला मुंबईत गेलेली मुलगी जुन्या कॉलेजच्या हिशेबात गळाली, प्रत्यक्षात शिकतेच आहे. (चाकरमान्यांच्या घरांत यात नवल ते काय!) एटीकेटीवर (काही विषय राहूनही) पुढच्या वर्षाला सरकलेला मात्र टिकलेलाच. पदवी वेळेत मिळाली का, तो आकडा निराळा.