आंब्याचा रवा केक: निखाऱ्यांपासून ओव्हनपर्यंत

एप्रिल उजाडला की आंब्याच्या रवा केकच्या कृतींची विचारपूस सुरू होते आणि तिच्या मागोमाग एक जुना आक्षेपही येतो. मैदा नाही, अंडं नाही, फेटलेलं लोणी नाही. मग याला केक कशाला म्हणायचं, सरळ गोड ढोकळा म्हणा, असं सांगणारे आजही भेटतात. या पदार्थाचा मागोवा घेतला तर तो आक्षेप टिकत नाही. रवा, फळाचा गर आणि वरखाली धग ही जोडणी कोकणात ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. आणि अंडं वगळण्याला तर खुद्द केकच्या इतिहासातच भक्कम आधार आहे.

कोकणातलं धोंडस हे त्याचं जवळचं उदाहरण. वेलीवर जून होऊन पिवळी पडलेली काकडी किसायची, तांदळाचा रवा भाजून तिच्या पाण्यात शिजवायचा, गूळ आणि ओलं खोबरं घालायचं आणि जाड बुडाच्या पातेल्यात ओतून खाली मंद धग, वर झाकणावर निखारे ठेवायचे. गोव्यात याच वळणाची तवसळी होते. दुसरीकडे सांदण, ते वाफेवरचं. त्याला बरका फणस लागतो, कारण काप्याच्या गऱ्यांचा रस निघत नाही. तांदळाचा रवा, फणसाचा रस, गूळ, किंचित मीठ. वाडग्यांत नाहीतर मोदकपात्रात उकडायचं आणि नारळाच्या दुधाबरोबर खायचं. आंब्याच्या रसाचं सांदणही त्याच हंगामात होतं. म्हणजे फळाच्या रसात रवा भिजवून फुलवायचा ही कल्पना बाहेरून आलेली नाही.

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि त्यांच्या भट्ट्या, अंडी घालून केलेली गोडधोडं तिथल्या स्वयंपाकात मिसळली. बेबिंकेचा एकेक थर वरच्या धगीवर भाजला जातो, तर रवा आणि खोबऱ्याचा बाथ आजही नाताळाच्या ताटात असतो. बाथमध्ये अंडी असतात, पण त्याचा पोत मैद्याच्या स्पंज केकपेक्षा आपल्या रवा केकच्या जवळ जातो. त्या शतकांविषयी इथे एवढं पुरे, कारण आज आपण करतो त्या केकची घडण मुख्यतः गेल्या साठ वर्षांतली आहे.

१९५९ च्या सुमारास देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि पुढच्या दोन दशकांत ते शहरी मराठी घरांत रुळले. भात-वरणासाठी आणलेल्या या भांड्याचा ओव्हन कुणी पहिल्यांदा केला ते सांगता येणार नाही, पण पद्धत सगळीकडे एकच झाली. शिट्टी आणि रिंग काढायची, पाणी अजिबात घालायचं नाही, तळाला मीठ किंवा चाळलेली वाळू पसरायची, त्यावर जाळी, जाळीवर तूप लावलेला डबा आणि मंद आचेवर पाऊण तास. मीठ तापतं, धग सावकाश सोडतं, त्यामुळे डब्याचं बूड करपत नाही. उणीव एकच, धग खालून येत असल्यामुळे केक वरून पांढुरका राहतो. निखाऱ्यांच्या झाकणाने जो तांबूस रंग यायचा तो कुकरमध्ये हरवला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. त्याची कॉइल झाकणात असते, म्हणून रंग परत आला. झाकणातल्या काचेतून केक फुगताना दिसे आणि इमारतीत एकीकडे असलेला ओव्हन मागून नेला जाई.

भांडं बदललं तसे जिन्नसही बदलले. साखर त्या काळी रेशनवर होती आणि लोणी महाग. कंडेन्स्ड मिल्कचे डबे भारतात १९१२ पासून आयात होऊन विकले जात होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबात मोग्याला कारखाना निघाला आणि ते इथे बनू लागले. त्या दुधात ४० ते ४५ टक्के घातलेली साखर असते आणि आटवल्यामुळे प्रथिनंही दाट होतात. केकला ओल, गोडवा आणि थोडी पकड तिन्ही त्यातून मिळतात. मैद्याच्या बिनअंड्याच्या केकचं तर ४०० ग्रॅमचा एक डबा हेच माप होऊन बसलं. आंब्याचं तसंच. पेटीत न बसणारा, डागी किंवा लहान हापूस किलोवर विकला जातो, त्याला कोकणात कॅनिंगचा आंबा म्हणतात. त्याचा गर ८५० ग्रॅमच्या डब्यात भरून मुंबई-पुण्याच्या किराणा दुकानांत पोचू लागला तेव्हा मे महिन्याचा केक दिवाळीतही करता येऊ लागला.

आता अंड्याचा प्रश्न. या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून थोडं थांबून पाहू.

बिनअंड्याचा केक ही भारतीय सोवळ्याची निपज आहे, असं सरसकट मानलं जातं. पण १८३७ मध्ये बर्मिंगहॅममधल्या एका औषधविक्रेत्याने कस्टर्ड पावडर तयार केली ती त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून. तिला यीस्टही चालत नसे, तेव्हा १८४३ मध्ये त्याने बेकिंग पावडर तयार केली. म्हणजे फळांच्या कस्टर्डपासून घरच्या केकपर्यंत आपण रोज वापरतो ते दोन डबे एका घरातल्या पथ्यातून निघाले, आणि तेही इंग्लंडातल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांवर माणशी आठवड्याला एक अशी मर्यादा आली तेव्हा बिनअंड्याचे केक तिथे घरोघर झाले. पथ्य, टंचाई आणि आवड या तिन्ही कारणांनी अंडं वगळलं गेलेलं आहे. एकट्या धर्माच्या खात्यावर ते टाकणं चूक आहे.

मराठी घरांतली परिस्थिती तर अधिकच मिश्र होती. मासे-मटण शिजणाऱ्या घरातही सोमवारी, संकष्टीला, चातुर्मासात अंडं वर्ज्य. शाकाहारी घरात मुलाला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून अंडं आलं तर त्याचं भांडं निराळं, स्टोव्ह गॅलरीत. अशा घरात वाढदिवसाचा केक कापायचा तर तो आजीलाही खाता यायला हवा, आणि रवा केकने हे काम कुणालाही न दुखावता केलं. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची देशव्यापी समन्वय संस्था उभी राहिली आणि रोज अंडं खा असं सांगणारी जाहिरात दूरदर्शनवर गाजली. त्यानंतर बऱ्याच घरांत अंडं उघडपणे आलं. पण रवा केकमध्ये ते शिरलं नाही. तिथे त्याला काम नव्हतं.

निर्णायक वळण आलं २००१ मध्ये. वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर मांसाहारी असल्याची तपकिरी खूण सक्तीची झाली, आणि तिच्या पाठोपाठ शाकाहारासाठी हिरवी खूण आली. नियमाने प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ मांसाहारात धरले, दूध आणि दुधाचे पदार्थ वगळले, अंडं मात्र स्पष्टपणे मांसाहारात टाकलं. कोंबडीपालन करणाऱ्यांचं म्हणणं होतं की बाजारातलं अंडं फळत नाही, त्यातून पिल्लू होत नाही, मग ते दुधासारखंच का धरू नये? उलट बाजूचं म्हणणं असं की खाणाऱ्याला अंडं कळलं पाहिजे, त्याने काय मानायचं ते तो ठरवील. माहिती देण्यापुरता दुसरा मुद्दा योग्यच आहे. पण खूण दोनच रंगांची ठेवल्यामुळे एक अंडं घातलेला केक आणि खिमा पॅटिस एका रंगात गेले. अंड्यासाठी तिसरी खूण ठेवता आली असती. ती ठेवली नाही, आणि माझ्या मते घरच्या बेकिंगच्या दृष्टीने त्या निर्णयातली ही मोठी चूक आहे.

परिणाम बेकऱ्यांत लगेच दिसला. बिनअंड्याचं वेगळं कपाट, मग वेगळी भट्टी, मग निव्वळ बिनअंड्याच्या बेकऱ्या. घरून केक देणाऱ्या बायकांनाही पहिला प्रश्न चवीचा येण्याऐवजी भांडी वेगळी आहेत का हा येऊ लागला. ‘बिनअंड्याचा’ हे बिरुद झालं आणि रवा केक पर्यायी मालाच्या फळीवर जाऊन बसला. त्याच काळात घरोघरी मँगो पुडिंग आणि सुफले होत होते, त्यातलं जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. वेष्टनावरचा मजकूर वाचायची सवय लागल्यावर समुद्रशेवाळापासून होणारं चायना ग्रास मागे लागून घेतलं जाऊ लागलं, एवढा फायदा मात्र त्या नियमाने केला. २०२० च्या नियमावलीत तपकिरी गोलाची जागा त्रिकोणाला मिळाली, कारण ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांना दोन्ही गोल सारखे दिसत. वर्गवारी तीच राहिली.

अंडं नसताना हा केक फुलतो कसा, हे माहीत असलं की आक्षेपाची धार आपोआप बोथटते. रव्याचे कण भरड असतात, त्यामुळे मैद्यासारखी चिवट जाळी होत नाही; आंब्याचा रस आणि दह्यात अर्धा तास भिजले की ते फुगतात आणि एकमेकांना धरतात. खायच्या सोड्याला आंबटपणा लागतो. पिकलेल्या हापूसमध्ये तो पुरेसा नसतो, म्हणून दही घालायचं, नाहीतर सोड्याची चव जिभेवर राहते आणि रंगही तपकिरी पडतो. वाटीभर रव्याला वाटीभर रस हे माप घरोघरी चालतं. रस वाढवला तर मधोमध गिच्च राहतो आणि भांड्यातून काढताच बसतो. डब्यातल्या गरात बहुधा साखर घातलेली असते, तेव्हा वरची साखर हात राखून घालावी. केळ्याच्या केकमध्ये केळं आणखी एक काम करतं: साल काळी पडेस्तोवर पिकलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि कुस्करलेला गर पीठ बांधून ठेवतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे सगळं एकदम पुढे आलं. बेकऱ्या बंद, मुलं घरात आणि ऐन हंगामात आंबा अडकलेला. कोकणातल्या बागायतदारांनी पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत उतरवल्या. जगभर बनाना ब्रेड भाजला जात होता तेव्हा इथे केळ्याच्या केकबरोबर आंब्याचा रवा केकही झाला, कारण रवा घरात होताच. त्यातूनच कित्येकींनी विक्री सुरू केली आणि मग नोंदणीचा प्रश्न आला. खरं तर अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत घरून विकणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची होती. वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी नुसती नोंदणी आणि १०० रुपये शुल्क ठेवलं होतं. बहुतेकींना ते टाळेबंदीनंतर कळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. करनोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या घरगुती विक्रीला याचा थेट लाभ नाही, मात्र कंडेन्स्ड मिल्कवरचा कर १२ वरून ५ टक्के झाल्यामुळे कच्च्या मालाचा खर्च थोडा हलका झाला.

सध्याचा वाद गराचा आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्याआधी देवगड आणि रत्नागिरीच्या बागायतदारांनी वेगवेगळ्या मानांकनाचा आग्रह धरला होता. हापूसची लागवड कर्नाटकात आणि गुजरातेतही आहे, तिथला आंबाही डबाबंद होतो, आणि घरचा ‘हापूस केक’ विकणारीने डबा कुठला घेतला हे गिऱ्हाईक आता विचारू लागलं आहे. केक झाल्यावर चवीवरून ते ओळखणं अवघड असतं. ओव्हनच्या उष्णतेत आंब्याचा वास बराचसा उडून जातो. म्हणून केशर, हापूस आणि पायरीचे रस मिसळून घेणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत, आणि पायरीच्या आंबटपणामुळे त्यांना दही थोडं कमी लागतं.