‘सोसवेल तेवढेच दुःख’: वचन नेमके काय सांगते?

‘देव सोसवेल त्याहून अधिक दुःख देत नाही, असे बायबल सांगते,’ हे वाक्य शोकाकुल घरांत वर्षानुवर्षे मायेने पाठवले जाते. त्याला आधार मानलेले वचन, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या ‘करिंथकरांस पहिले पत्र’ यातील १०:१३ (अध्याय १०, ओवी १३), मात्र आजारपणाविषयी किंवा मृत्यूविषयी नाही. तेथील ‘परीक्षा’ या शब्दामुळे मराठी वाचकाला दुःख आठवणे स्वाभाविक आहे. पण ६ ते १४ या ओव्या सलग वाचल्या, की मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर, अर्थात पापाचा मोह, हाच विषय असल्याचे दिसते. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१:८-११) तर आपल्यावरचे ओझे शक्तीपलीकडचे होते, जगण्याचीही आशा उरली नव्हती, असे पौल स्वतःच लिहितो. त्यामुळे खचलेल्या माणसाचा विश्वास उणा ठरवण्यास येथे आधार नाही. पौलाची आशा स्वतःच्या सहनशक्तीवर नव्हे, मृतांना उठवणाऱ्या देवावर आणि इतरांच्या प्रार्थनांवर उभी होती.