बुडून तगणारा भात आणि ‘हवामान-अनुकूल’चा घोळ

हवामान बदलाशी शेतीने कसं जुळवून घ्यावं, याचं सगळ्यात जास्त मिरवलं जाणारं उदाहरण हवामान बदलासाठी शोधलेलंच नव्हतं. एफआर-13ए हा ओडिशातल्या जुन्या देशी भातातून निवडलेला वाण. पिकायला बेताचाच, पण बुडाला तरी मरत नाही. साधं रोप पाण्याखाली गेलं की डोकं वर काढायला भराभर उंच होतं, त्यातच साठवलेली साखर संपवतं आणि पूर ओसरला की आडवं पडतं. हा वाण मात्र वाढ थांबवून गप्प बसतो. 1970च्या दशकात देशोदेशीचे वाण बुडवून पाहिले, तेव्हा त्याचा हा गुण डोळ्यांत भरला. या गुणाची गुणसूत्रावरची जागा 1996 मध्ये कळली, नेमकं जनुक 2006 मध्ये. मग शेतकऱ्यांच्या आवडीच्या स्वर्णा वाणात तो गुण उतरवून 2009 मध्ये स्वर्णा-सब1 भारतात प्रसारित झाला. साधारण दोन आठवडे तो पाण्याखाली काढतो. हे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घालून बदललेलं, बियाणं नव्हे. हा संकरच आहे, फक्त कोणत्या रोपात गुण आला हे डीएनएवरच्या खुणांवरून ताडलेलं. (हे इतक्या वेळा सांगावं लागतं की कंटाळा येतो.)

उष्णतेपुढे विज्ञान अजून चाचपडतंय. भात फुलोऱ्यात असताना तासाभरासाठी जरी पारा 35 अंशांवर गेला, तरी परागीभवन बिघडतं आणि लोंबीत पोचट दाणे राहतात. म्हणून ऊन चढण्याआधी, पहाटेच फुलणाऱ्या वाणांवर काम सुरू आहे.

खरा गुंता शब्दांचा. 2010च्या सुमारास ‘क्लायमेट-स्मार्ट शेती’ हा शब्द रूढ झाला. उत्पादन वाढवणं, बदलत्या हवामानात तगणं आणि उत्सर्जन घटवणं, तिन्ही एकाच पिशवीत. मराठीत आपण त्याला ‘हवामान-अनुकूल’ म्हणतो आणि घोळ वाढवतो. शेती हवामानाला जुळवून घेणारी की हवामानाला न बिघडवणारी? दोन्ही अर्थ निघतात. 2014 मध्ये न्यूयॉर्कला या नावाची जागतिक आघाडी उभी राहिली आणि तिच्यात खत उद्योगही बसला, तेव्हा शेतकरी संघटना भडकल्या. माझ्या मते त्यांचं चुकलं नाही: नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू निघतो, तरी उत्पादनवाढीच्या पहिल्या उद्दिष्टाच्या जोरावर ते खतही ‘स्मार्ट’ ठरू शकतं.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटींतही भांडण हेच. विकसनशील देश म्हणत, शेतीचा विचार तगण्याच्या अंगाने करा. श्रीमंत देशांचा डोळा उत्सर्जनावर. भातखाचरांतल्या मिथेनचा हिशेब आपल्याच माथी बसेल, ही भीती पहिल्यांच्या मनात होती. 2017 मध्ये बॉनला शेतीसाठी संयुक्त कार्यक्रम ठरला. 2022 मध्ये शर्म अल-शेखला त्याच्या जागी चार वर्षांचा नवा कार्यक्रम आला. स्वर्णा-सब1 तोवर तेरा वर्षं शेतात होता.