आधी लग्न की आधी दीक्षा?

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲमेझॉन खोऱ्याच्या प्रश्नांवर रोममध्ये बिशपांची सभा, म्हणजे सिनोड भरली होती. त्या दिवसांत आमच्याकडे वसईत एका लग्नाची पंगत बसली होती. पेपरातली बातमी वाचून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी समोर जेवायला बसलेल्या फादरांना विचारलं, "फादर, पोप आता परवानगी देणार म्हणतात. मग तुमचं कधी?" फादर म्हणाले, "माझं काही नाही हो सर. झालंच तर तुमचं होईल. घरी विचारून ठेवा."

सगळे हसले. सरांना मात्र उत्तराचा अर्थ लागला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो नंतर, वाचन केल्यावर लागला. फादरांनी नेमका मुद्दा सांगितला होता. रोममध्ये चर्चा चालली होती ती सरांसारख्या माणसांची: लग्न झालेले, मुलंबाळं मार्गी लागलेली, गावात मान असलेले, श्रद्धेत मुरलेले. अशांना दीक्षा देऊन धर्मगुरू करता येईल का, हा तो प्रश्न होता. आधीच दीक्षा घेतलेल्या फादरांनी लग्न करावं का, हा विषय सभेपुढे आलाच नव्हता.

हे दोन प्रश्न अगदी वेगळे आहेत. लग्न झालेल्याला धर्मगुरू होता येतं का, हा पहिला. धर्मगुरू झालेल्याला लग्न करता येतं का, हा दुसरा. बातम्यांमध्ये दोन्हींवर "धर्मगुरूंना लग्नाची मुभा" असा एकच मथळा चढतो. आपण मराठी माणसांनी तर ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हटलं की रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसार डोळ्यांपुढे आणलेला असतो. पण टिळक प्रोटेस्टंट होते आणि तिथे हे दोन्ही दरवाजे उघडे आहेत. मार्टिन ल्यूथर स्वतः दीक्षा घेतलेले धर्मगुरू होते आणि त्यानंतर, १५२५ मध्ये, त्यांनी काटरिना फॉन बोराशी लग्न केलं. कॅथलिक चर्चमध्ये मात्र पहिला दरवाजा काही ठिकाणी उघडा आणि काही ठिकाणी बंद आहे. दुसरा सगळीकडेच बंद आहे.

पहिला दरवाजा उघडा आहे हे ऐकून बऱ्याच कॅथलिकांनाही आश्चर्य वाटतं. आपण ज्यात वाढलो ती पश्चिमेची लॅटिन परंपरा. पण रोमच्या पोपना मानणारी पूर्वेकडची चर्चेस वीसहून अधिक आहेत, आणि युक्रेनमधले ग्रीक कॅथलिक किंवा लेबनॉनमधले मॅरोनाइट यांच्यात बायकामुलं असलेले फादर ही रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. ते पूर्ण कॅथलिक आहेत. १९९० साली जाहीर झालेली पूर्वेकडच्या चर्चेसची कायदेसंहिता विवाहित धर्मगुरूंच्या जीवनाचा मान राखायला सांगते. तिथला सेमिनरीतला, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी शिकणारा मुलगा अभ्यास संपत आला की ठरवतो: ब्रह्मचारी राहायचं की संसार करायचा. संसार करायचा असेल तर दीक्षेची पहिली पायरी, म्हणजे डीकनपद, घेण्याआधी लग्न लागलं पाहिजे. नंतर नाही.

लॅटिन परंपरेतही अपवाद आहेत. इतर पंथांतून आलेल्या विवाहित पाळकांना रोमने कॅथलिक दीक्षा दिली आहे. १५ जानेवारी २०११ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये तीन माजी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, बिशपांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. तिघेही विवाहित. त्यांपैकी कीथ न्यूटन यांच्याकडे इंग्लंडमधल्या अशा माजी अँग्लिकनांसाठी काढलेल्या खास विभागाचं नेतृत्व आलं. पण ते कॅथलिक बिशप होऊ शकले नाहीत, कारण बिशप ब्रह्मचारीच हवा, ही अट पूर्वेतही आहे आणि पश्चिमेतही. त्यामुळे आपल्या विभागातल्या नव्या धर्मगुरूंना दीक्षा द्यायला त्यांना दुसऱ्या बिशपांना बोलवावं लागे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर श्रद्धेच्या गाभ्यातून येत नाही, चर्चच्या शिस्तीतून येतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये साफ म्हटलं की ब्रह्मचर्य ही धर्मगुरुपदाच्या स्वरूपातूनच आलेली अट नाही. त्याच दस्तऐवजात लॅटिन परंपरेतला ब्रह्मचर्याचा नियम कायमही ठेवला. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी आहेत. वाद घालणारे आपापल्या सोयीचं एक उचलतात, याचा मला राग येतो.

हा फरक न समजल्याने माणसं किती दुखावतात, हे १८८९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात दिसलं. ग्रीक कॅथलिक धर्मगुरू अलेक्सिस टॉथ आपली कागदपत्रं घेऊन आर्चबिशप जॉन आयर्लंड यांच्याकडे गेले. टॉथ यांनी स्वतः सांगितलेली हकिगत अशी: आर्चबिशपांनी कागद वाचता वाचताच विचारलं, बायको आहे का? नाही. पण होती? होय, मी विधुर आहे. त्याबरोबर आर्चबिशपांनी कागद टेबलावर टाकले आणि असले धर्मगुरू माझ्याकडे पाठवू नका असं मी रोमला आधीच कळवलंय, असं सुनावलं. टॉथ यांनी कुठलाच नियम मोडला नव्हता. लग्न आधी झालं होतं, दीक्षा नंतर, आणि बायको तर तोवर वारलीही होती. पुढे १८९१ मध्ये ते आपल्या लोकांसह पोपना न मानणाऱ्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले, आणि मागोमाग हजारो ग्रीक कॅथलिक गेले. तरी १९२९ मध्ये रोमने अमेरिकेत विवाहित ग्रीक कॅथलिक धर्मगुरूंना बंदीच घातली. ती २०१४ मध्ये उठली.

आपल्या जवळचीही एक गोष्ट आहे. केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांमध्ये विवाहित धर्मगुरू असत. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूरला सभा भरवून त्यांच्यावर लॅटिन शिस्त लादली, तीत ब्रह्मचर्यही आलं. त्याच परंपरेतल्या सिरो-मलबार चर्चच्या कल्याण धर्मप्रांतातले फादर आज ब्रह्मचारी आहेत, त्याची मुळं गोव्याहून निघालेल्या त्या हुकमापर्यंत पोचतात.

आता दुसरा प्रश्न. दीक्षेनंतर लग्न नाही, हा नियम पश्चिमेचा हट्ट आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आशिया मायनरमधल्या निओसीझेरियाच्या सभेने ठरवलं की धर्मगुरूने लग्न केलं तर त्याला पदावरून काढावं. ६९२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला झालेल्या सभेने विवाहित धर्मगुरूंना संसार चालू ठेवायला दिला, पण दीक्षेनंतर लग्नाला ठाम नकार दिला. ऑर्थोडॉक्स चर्च आजही तेच पाळतं. पर्शियातल्या पूर्व सिरियाई चर्चने वेगळी वाट धरली आणि दीक्षेनंतरही लग्नाला मुभा दिली, पण ते चर्च रोमपासून तुटलेलं होतं. पश्चिमेत ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूचं असं लग्न नुसतं निषिद्ध नाही तर मुळातच लागत नाही, असं ठरवलं. "ब्रह्मचर्य ११३९ मध्ये चर्चची जमीन वाचवायला काढलं" हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. वारसाहक्काची काळजी होतीच. पण पोप सिरिशियस यांनी धर्मगुरूंकडून संयमाची, म्हणजे शरीरसंबंध टाळण्याची मागणी ३८५ मध्येच लेखी केली होती.

म्हणून संत पेत्राच्या सासूचा दाखला देणाऱ्यांना मी नम्रपणे थांबवतो. येशूने तिचा ताप उतरवला असं शुभवर्तमानात आहे, म्हणजे पेत्र लग्न झालेला होता. पण त्याचं लग्न पाचारणाआधीचं, म्हणजे येशूने त्याला बोलावण्याआधीचं आहे. हा दाखला पहिल्या प्रश्नाला भक्कम आधार देतो, दुसऱ्याला अजिबात देत नाही.

मला या गोंधळाची खंत वाटते ती एका कारणासाठी. दीक्षा घेतल्यावर प्रेमात पडलेले, रोमकडून सूट मिळवून लग्न केलेले माजी धर्मगुरू समाजात आहेत. दीक्षेचा ठसा पुसत नाही असं चर्च मानतं. मरणासन्न माणूस समोर असेल तर ते आजही त्याला पापक्षमा देऊ शकतात, पण वेदीवर उभे राहून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करू शकत नाहीत. दर वेळी "मुभा मिळणार" अशी बातमी आली की त्यांच्या घरातले फोन वाजतात. लोक अभिनंदन करतात. आणि त्या बातमीत त्यांच्यासाठी काहीच नसतं.

ॲमेझॉन सिनोडमध्ये २६ ऑक्टोबर २०१९ ला मतदान झालं. दुर्गम वस्त्यांना महिनोन्‌महिने मिस्सा मिळत नाही, म्हणून तिथल्या विवाहित डीकनांना धर्मगुरुपदाची दीक्षा द्यावी, या शिफारशीला १२८ मतं पडली, विरोधात ४१. पोप फ्रान्सिस यांचं पत्र पुढच्या फेब्रुवारीत आलं. त्यात त्यांनी या मुद्द्यावर होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिथे जास्त मिशनरी पाठवा, धर्मगुरुपदाच्या पाचारणासाठी प्रार्थना करा, एवढं सांगितलं. मला वाटतं, पहिला दरवाजा अशा वस्त्यांसाठी उघडायला हरकत नव्हती. टॉथ यांच्या मूळच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये तो उघडाच होता आणि त्याने श्रद्धेला तडा गेला नाही. दुसऱ्या दरवाजाबद्दल मी इतक्या सहज बोलणार नाही. पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाने त्याच धर्मग्रामात वधू शोधावी का, या प्रश्नाचं वजन मला कळतं.

हे दोन्ही नियम एकाच माणसात पाहायचे असतील तर कायमस्वरूपी डीकनकडे, म्हणजे धर्मगुरू न होता डीकनपदावरच राहणाऱ्याकडे पाहावं. मुंबईच्या आर्चडायोसीसमध्ये असे डीकन आहेत. ते बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, प्रवचन करतात, मिस्सा मात्र करू शकत नाहीत. विवाहित उमेदवाराचं वय किमान पस्तीस हवं आणि पत्नीची संमती हवी. फादर सरांना "घरी विचारून ठेवा" म्हणाले, ती नुसती थट्टा नव्हती. दीक्षेच्या वेळी बिशप अविवाहित उमेदवाराकडून ब्रह्मचर्याचं वचन घेतात. विवाहित उमेदवाराला हा प्रश्न विचारला जात नाही, त्याच्या बोटात अंगठी असते. पण पत्नी वारली, तर रोमची खास सूट मिळाल्याशिवाय त्याला पुन्हा लग्न करता येत नाही. संमती देताना त्याच्या बायकोला हेही माहीत असतं.