रायफल दुर्बीण : संधिप्रकाशातील खोकड-नियंत्रण आणि लक्ष्यवेध

रायफलीवर बसवून नेम धरण्यासाठी वापरायची एकनेत्री दुर्बीण, बोलण्यात ‘स्कोप’. एकाच दुर्बिणीकडून दोन कामे करून घ्यायची असली की तिची निवड अवघड होते. दिवस मावळल्यावर शेतावर येणारे खोकड टिपायचे आणि सुटीच्या दिवशी मैदानावर कागदी फलकही भेदायचा, अशी ही दोन कामे. ब्रिटनमधील मेंढपाळीच्या भागांत हा प्रश्न नेहमीचा आहे. पहिल्या कामाला उजळ प्रतिमा, रुंद दृष्टिक्षेत्र आणि ठळक खूण लागते. दुसऱ्याला मोठे विवर्धन आणि केसासारखी बारीक रेघ. जाहिरातींत मात्र दोन्ही गिऱ्हाइकांना विवर्धनाचाच आकडा दाखवला जातो.

पार्श्वभूमी

येथे अभिप्रेत असलेला प्राणी म्हणजे लाल खोकड (व्हल्पस व्हल्पस). महाराष्ट्राच्या माळरानावरचे खोकड (व्हल्पस बेंगालेन्सिस) ही वेगळी आणि अंगाने लहान जात असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तिची शिकार हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये लाल खोकडाला बंदीचा हंगाम नाही. वसंतात मेंढ्या वितात तेव्हा नवजात कोकरे, शिवाय कोंबड्या आणि टिटवी-कुररीसारख्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले वाचवण्यासाठी शेतकरी आणि शिकार-रक्षक त्याच्यावर बंदूक चालवतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘हंटिंग ॲक्ट २००४’ फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला आणि कुत्र्यांचा ताफा घेऊन खोकडाचा पाठलाग करणे बेकायदा ठरले. रायफलीचा मार्ग खुला राहिला. रायफलीसाठी पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो आणि तो मागण्याचे सबळ कारण दाखवावे लागते. दुर्बिणीला वेगळा परवाना लागत नाही.

.२२३ रेमिंग्टन, .२२-२५० आणि .२४३ विंचेस्टर ही या कामाची नेहमीची काडतुसे. अंतर बहुधा शंभर-दोनशे यार्डांच्या आत असते. लाल खोकडाचे वजन साधारण पाच ते आठ किलो. छातीचा नेमका भाग तळहाताएवढा. म्हणजे लक्ष्य लहान असले तरी सूक्ष्म नाही. अडचण असते ती ते कुंपणाच्या काळोखात आणि मावळत्या उजेडात उभे असते याची.

प्रकाशाचे गणित

दुर्बीण ‘प्रकाश गोळा करते’ असे सर्रास म्हणतात. त्यातून एक गैरसमज पसरतो. कोणतीही दुर्बीण दृश्य नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून अधिक उजळ करू शकत नाही. उलट काचांमध्ये थोडा प्रकाश हरवतोच. तिचा खरा फायदा असा की ती प्रतिमा मोठी करते आणि तरीही ती शक्य तितकी उजळ राखते. मंद उजेडात डोळ्याला बारकावे दिसत नाहीत, मोठे आकार दिसतात. म्हणून मोठे झालेले खोकड ओळखता येते.

किती उजळपणा टिकला हे ‘एक्झिट प्युपिल’ सांगते. नेत्रिकेतून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास असतो आणि वस्तुभिंगाच्या (पुढच्या मोठ्या भिंगाच्या) व्यासाला विवर्धनाने भागले की तो मिळतो. दुर्बिणीच्या मापात पहिला आकडा विवर्धनाचा, दुसरा वस्तुभिंगाच्या मिमीमधील व्यासाचा. ८×५६ दुर्बिणीत तो ७ मिमी, ६×४२ मध्येही ७ मिमी, तर १२×५० मध्ये जेमतेम ४.२ मिमी. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते. झोत त्याहून बारीक असेल तर प्रतिमा काळवंडते, जाड असेल तर जादाचा प्रकाश बुबुळावरच वाया जातो. जर्मनी-ऑस्ट्रियात मचाणावर बसून चांदण्यात रानडुकराची वाट पाहणाऱ्या शिकाऱ्यांनी ८×५६ हे माप रूढ केले, त्यामागे हेच गणित आहे.

वयाबरोबर मात्र बाहुली आखडत जाते. साठीच्या आसपास ती पाच मिमीच्या आगेमागेच उघडते. शेतावर रायफल घेऊन उभा असलेला माणूस बहुधा विशीतला नसतो, तेव्हा ७ मिमीच्या झोतासाठी मोजलेले पैसे आपल्या डोळ्याला पोहोचतात का, हे ज्याचे त्याने पाहावे. ज्याची बाहुली साडेचार मिमीच उघडते, त्याला १२×५६ ची ४.७ मिमीची प्रतिमा ८×५६ इतकीच उजळ दिसेल आणि वर मोठीही दिसेल.

माहितीपत्रकांत ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आणखी एक आकडा असतो : विवर्धन आणि वस्तुभिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ८×५६ साठी तो २१.२ येतो आणि १२×५० साठी २४.५. कागदावर १२×५० सरस ठरते. डोळे तरुण असतील आणि अंधार दाट असेल तर प्रत्यक्षात तसे घडत नाही. त्याहून मोठा दोष असा की या सूत्रात काचेचा दर्जा येतच नाही. भंगार दुर्बीण आणि उत्तम दुर्बीण यांचा आकडा तंतोतंत सारखा निघतो. या आकड्यावरून खरेदी करू नये.

काचेचा दर्जा म्हणजे मुख्यतः तिच्यावरचे लेप. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. दुर्बिणीत असे चौदा पृष्ठभाग असतील तर आत शिरलेल्यापैकी ५६ टक्क्यांच्या आसपासच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचेल. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधी लेपाची पद्धत शोधली आणि हे चित्र पालटले. आजच्या चांगल्या दुर्बिणी ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश पार नेतात. त्यापुढच्या दोन-तीन टक्क्यांची चढाओढ डोळ्याला जाणवत नाही. जाणवते ती प्रतिमेवरची धुरकट झाक. तिरपा सूर्य किंवा बाजूचा चंद्र नळीत शिरून आतल्या भिंतींवरून उसळतो तेव्हा ती येते, आणि स्वस्त दुर्बीण तेथेच उघडी पडते.

नळीची जाडी (२५.४, ३० किंवा ३४ मिमी) उजळपणा वाढवते हा समज चुकीचा आहे. जाड नळीत खूण वर-खाली सरकवायला जागा जास्त मिळते, एवढेच. डोळ्याच्या दंडाकार पेशींना अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, हेही विसरू नये. मोबाइलच्या पडद्यावर एकदा नजर टाकली की महागड्या काचेने कमावलेले बरेचसे त्या क्षणी गमावले जाते.

रेटिकल

नेम धरण्याची आतली खूण म्हणजे रेटिकल. प्रतिमा उजळ असूनही खूण दिसेनाशी झाली तर दुर्बीण निरुपयोगी, आणि संधिप्रकाशात बहुतेकदा आधी हरवते ती खूणच. फलकावरच्या नेमबाजीसाठी बनवलेली बारीक रेघ काळसर झुडपावर विरघळून जाते. ‘जर्मन नंबर ४’ या जुन्या नमुन्यात डावीकडून, उजवीकडून आणि खालून तीन जाड पट्ट्या येतात, मध्यभागी फक्त बारीक फुली राहते. मधली फुली दिसेनाशी झाली तरी तीन पट्ट्यांच्या मधोमध खोकड बसवता येते. दिव्याचा लाल ठिपका असलेले रेटिकल आता सर्वत्र मिळते. त्यात ठिपका किती तेजस्वी होतो यापेक्षा किती मंद करता येतो हे पाहावे. दिवसासाठीचा ठिपका रात्री डोळा दिपवतो आणि त्याच्यामागचे जनावर झाकतो.

विवर्धन बदलता येणाऱ्या दुर्बिणीत रेटिकल पहिल्या नाभीय प्रतलात (विवर्धन बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे, वस्तुभिंगाकडे) असेल तर ते प्रतिमेबरोबर लहान-मोठे होते, त्यामुळे कमी विवर्धनावर बारीक पडते. आणि अंधारात उजळपणासाठी विवर्धन कमीच ठेवावे लागते! दुसऱ्या प्रतलातले (त्या भिंगांच्या मागे, डोळ्याकडे) रेटिकल एकाच जाडीचे राहते. खोकडासाठी दुसरे सोयीचे; अंतराप्रमाणे खुणा मोजून नेम धरणाऱ्याला पहिले आवडते.

लक्ष्यवेधाच्या गरजा

ब्रिटिश रायफल नेमबाजीचे केंद्र म्हणजे सरे परगण्यातील बिस्ली. नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा १८६० मध्ये विम्बल्डन येथे झाली, राणी व्हिक्टोरियाने तिची पहिली गोळी झाडली, आणि १८९० मध्ये हा सोहळा बिस्लीला हलला. तिथल्या पारंपरिक ‘टार्गेट रायफल’ प्रकारात आजही दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्राच्या दर्शिकेतूनच नेम धरायचा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांतही हाच नियम आहे : कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये मिळवलेले कांस्यपदक रायफलीवर दुर्बीण नसताना मिळवलेले आहे. दुर्बिणीला मुभा असलेला लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘एफ-क्लास’. कॅनडाचे जॉर्ज फार्कहारसन यांच्या आडनावावरून त्याला हे नाव मिळाले.

एफ-क्लासच्या १,००० यार्डांच्या फलकावर मधले वर्तुळ सुमारे १० इंचांचे आणि त्यातले सर्वांत आतले ५ इंचांचे असते. त्यासाठी ४०-५० पट विवर्धन वापरतात. ५५ पट आणि ५२ मिमी भिंग म्हणजे एक्झिट प्युपिल एक मिमीहूनही कमी. भर दुपारी त्याने बिघडत नाही, तिन्हीसांजेला मात्र काळोखच दिसेल. शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणारी झळ एवढ्या विवर्धनात उकळत्या पाण्यासारखी थरथरते. कसलेले नेमबाज त्या थरथरीच्या कलावरून वारा वाचतात, आणि ती फार वाढली की विवर्धन उतरवतात.

पॅरॅलॅक्स हा दुसरा फरक. डोळा मध्यरेषेवरून सरकला की खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. १०० मीटरला जुळवलेल्या ५६ मिमी दुर्बिणीतून २०० मीटरवर पाहिले तर ही चूक जास्तीत जास्त २८ मिमी होते. तळहाताएवढ्या लक्ष्यावर ती खपून जाते, गुणांच्या वर्तुळात खपत नाही. म्हणून फलकासाठी पॅरॅलॅक्स जुळवण्याची बाजूची चकती लागतेच. खूण वर-खाली सरकवणाऱ्या उंचीच्या चकत्यांचेही तसेच. मैदानावर त्या उघड्या आणि खटके मोजता येतील अशा हव्यात : पाव मिनिटाचा (कोनाचा मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) खटका १०० यार्डांवर सुमारे पाव इंच, ०.१ मिलचा (मिलिरेडियनचा) खटका १०० मीटरवर एक सेंटिमीटर. शेतावर मात्र उघडी चकती गाडीच्या दाराला किंवा कोटाला घासून नकळत फिरते. १०० यार्डांवर गोळी इंच-दीड इंच वर लागेल अशी रायफल जुळवली की .२२३ किंवा .२४३ ने दोनशे यार्डांपर्यंत सरळ खोकडावरच नेम धरता येतो. मग चकतीला टोपण घालून तिला विसरणेच बरे.

दिवा, अवरक्त आणि उष्णता

ब्रिटनमध्ये रात्री हातदिव्याच्या झोतात खोकड शोधण्याला ‘लॅम्पिंग’ म्हणतात. जनावर बुजू नये म्हणून दिव्यावर लाल काच लावतात. खोकडाच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असल्याने त्याचे डोळे चमकतात. पण मेंढी, हरीण, मांजर आणि शेजाऱ्याचा कुत्रा यांचेही चमकतात. चमकत्या डोळ्यांवर गोळी झाडायची नाही. पूर्ण जनावर ओळखू आले पाहिजे आणि त्याच्यामागे गोळी अडवणारी माती असली पाहिजे. दुर्बिणीच्या काचेवर खर्च करण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

अलीकडे औष्णिक आणि डिजिटल रात्र-दुर्बिणींनी लॅम्पिंगला बरेच मागे सारले आहे. औष्णिक यंत्र झुडपाआडचे ऊबदार जनावर क्षणात दाखवते, परंतु दूरच्या उबदार ठिपक्यावरून ते कोणते जनावर आहे हे खात्रीने सांगणे कठीण. डिजिटल यंत्राला अवरक्त दिवा लागतो : ८५० नॅनोमीटरचा लांबवर पोहोचतो पण मंद लाल दिसतो, ९४० चा अदृश्य असतो आणि पल्ल्याला तोकडा पडतो. लक्ष्यवेधाच्या बाजूने पाहता औष्णिक दुर्बीण बाद होते, कारण फलकावरची काळी-पांढरी वर्तुळे जवळपास एकाच तापमानाची असतात आणि तिच्यात उमटत नाहीत.

तडजोड

दोन्ही कामे एका दुर्बिणीवर भागवायची तर ३–१२×५० किंवा ३–१२×५६ (विवर्धन ३ ते १२ पट बदलता येणारी), दुसऱ्या प्रतलातले जाड पट्ट्यांचे आणि अगदी मंद होणाऱ्या ठिपक्याचे रेटिकल, बाजूला पॅरॅलॅक्सची चकती, असे माप बहुतेकांना पुरते. १२ पटीवर १००-२०० यार्डांचा फलक नीट दिसतो. ६०० यार्डांच्या पुढे जायचे असेल तर दुसरी दुर्बीण घेणे अपरिहार्य. तडजोड करताना पारडे खोकडाकडे झुकवावे. फलक उद्याही तिथेच असतो आणि चुकला तर गुण जातो. अंधारात खूण हरवली तर जनावर जखमी होऊन बिळात जाते. ५६ मिमीचे भिंग रायफलीपासून उंच बसवावे लागते, त्यामुळे गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. अशा वेळी गालपट्टी चढवावी किंवा ५० मिमीवर समाधान मानावे.

दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सगळ्या दुर्बिणी सारख्याच दिसतात. दुकानदार तयार असेल तर दोन-तीन दुर्बिणी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बाहेर न्याव्यात, विवर्धन सारखे ठेवून शंभरेक पावलांवरच्या झुडपाच्या सावलीत पाहावे आणि कोणत्या दुर्बिणीत खूण आधी हरवते ते नोंदवावे. याच पैशांतून दुर्बीण रायफलीवर घट्ट धरणाऱ्या कडी आणि पट्टीसाठीही रक्कम राखून ठेवावी लागते, कारण सैल कडीवर बसवलेली कोणतीही दुर्बीण चार गोळ्यांत आपली जुळवणी सोडते.